प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेल्यावर घरच्यांनी काय बघायचं

माझे बाबा कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं ऑपरेटर होते. पाळी कुठलीही असो, दर तासाला मीटर बघायचे आणि लॉगशीटवर रीडिंग टाकायचे. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांची कंबर धरली. एका दवाखान्यात चार महिने सायटिका म्हणून गोळ्या आणि कंबरपट्टा चालला. रात्री तीनला उठून ते समोरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायचे. विचारलं की एकच उत्तर, "काही नाही, झोप नाही येऊन राहिली." अखेर एक्स-रेत मणक्यांवर पांढरट डाग दिसले, पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी केली तर आकडा २१२ आला, बायोप्सी झाली. प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि तो हाडांत पोचलेला. चौथी स्टेज.

तेव्हा मला प्रोस्टेट शरीरात नेमकं कुठे असतं तेही ठाऊक नव्हतं. या तीन वर्षांत डॉक्टरांना विचारून, नर्सताईंकडून शिकून आणि चुका करून जे कळलं ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण डॉक्टर तुमच्या बाबांना महिन्यातून दहा मिनिटं बघतात. बाकीचा महिना ते तुमच्या डोळ्यांसमोर असतात, आणि त्या महिन्यात काय बघायचं हे कोणी बसवून सांगत नाही.

आधी आजार समजून घेऊ

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली. वीर्यातला पातळ भाग ती तयार करते. उतारवयात ती बहुतेक पुरुषांची वाढते आणि लघवी अडते, पण ते वाढणं वेगळं आणि कॅन्सर वेगळा. कॅन्सरच्या पेशी रक्तातून निघून बऱ्याचदा हाडांत जाऊन बसतात. कणा, कमरेचं हाड आणि बरगड्या ही त्यांची नेहमीची ठिकाणं.

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "म्हणजे आता हाडाचा कॅन्सर झाला का?" नाही. हाडात राहायला गेलेला तो प्रोस्टेटचाच कॅन्सर असतो, म्हणून त्याला प्रोस्टेटचीच औषधं लागू पडतात. हा फरक कळला की धीर येतो, कारण हाडांपर्यंत गेलेल्या या आजारावरही औषधं आहेत आणि ती एकामागून एक वापरता येतात. आजार समूळ जात नाही. पण अनेक जणांत तो काही वर्षं आवाक्यात राहतो. 'चौथी स्टेज' ऐकून आमच्या घरात पंधरा दिवस कोणी धड जेवलं नाही. तेव्हा एवढं जरी कोणी सांगितलं असतं तरी खूप झालं असतं.

या कॅन्सरचं खाद्य म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषाच्या शरीरातलं हार्मोन. चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदानं १९४१ मध्ये दाखवून दिलं की हे हार्मोन काढून घेतलं की पसरलेला आजारही मागे हटतो. १९६६ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं, आणि आजही उपचारांचा पाया तोच आहे. डॉक्टर हे समजावत असताना बाबा मध्येच म्हणाले, "म्हणजे कोळसा बंद करून राहिले तुम्ही." डॉक्टर हसले आणि पुढचं सगळं त्यांनी बॉयलरच्याच भाषेत सांगितलं. मीही तसंच सांगते.

कोळशाची मुख्य लाईन वृषणांतून येते. ती बंद करायचे दोन मार्ग. एक, दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन. दुसरा, छोट्या शस्त्रक्रियेनं वृषणं काढणं. शस्त्रक्रिया एकदाच होते, परिणाम एका दिवसात दिसतो आणि इंजेक्शनच्या तारखा चुकायचा प्रश्न उरत नाही. खर्चही आयुष्यभराच्या इंजेक्शनांपेक्षा बराच कमी. गावाकडून येणाऱ्या, कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या माणसासाठी हा खरोखर विचार करण्यासारखा मार्ग आहे. पण पुरुषाच्या मनाला तो किती लागतो हे घरच्यांनी धरून चालू नये. निर्णय त्यांचा. आमच्या बाबांनी इंजेक्शन निवडलं.

नेहमीच्या इंजेक्शनांपैकी बरीचशी पहिले एक-दोन आठवडे हार्मोन उलट वाढवतात आणि मग पाडतात. म्हणून सुरुवातीला सोबत गोळ्या देतात. त्या गोळ्या 'किरकोळ' समजून बंद करू नका. मणक्यात आजार असेल तर हेच दिवस धोक्याचे असतात.

मुख्य लाईन बंद झाली तरी थोडा कोळसा येतच राहतो, किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून, आणि कॅन्सरच्या पेशी स्वतःही तो बनवायला शिकतात. अबिरॅटेरॉनची गोळी ही चोरवाट बंद करते. एन्झालुटामाइडसारख्या गोळ्या भट्टीचं दारच लावून घेतात, म्हणजे कोळसा असला तरी आत जात नाही. आणि कधीतरी असा दिवस येतो की कोळसा जवळजवळ शून्य असूनही भट्टी पुन्हा पेट घेते. डॉक्टर त्याला 'हार्मोनला न जुमानणारा' आजार म्हणतात. मग डोसिटॅक्सेलची केमो (काहींना ती सुरुवातीलाच देतात), दुसऱ्या गोळ्या, ल्युटेशियमसारखी किरणोत्सारी औषधं असे पर्याय असतात. कोणाला काय, हे रक्ताचे रिपोर्ट, स्कॅन, वय आणि माणसाची ताकद बघून ठरतं. शेजारच्या काकांना जे दिलं ते तुमच्या बाबांना का नाही दिलं, याचं उत्तर बहुतेक वेळा यातच असतं.

गोळी, चहा आणि पीएसए

अबिरॅटेरॉन उपाशीपोटी घ्यायची. आधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात काही नको, फक्त पाणी. जेवणासोबत घेतली तर औषध कितीतरी पटीनं जास्त रक्तात जातं आणि त्रास होतो. दुधाचा चहा हेही खाणंच धरायचं. आमच्याकडे सगळं अडलं ते इथेच. बाबांना पहाटे पाचला चहा लागतो, पन्नास वर्षांची सवय. शेवटी असं ठरलं की पाचच्या गजरावर आई स्टीलच्या वाटीत चार गोळ्या आणि तांब्याभर पाणी ठेवणार, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी चहा. तो एक तास ते अंगणात जास्वंदीजवळ फेऱ्या मारत काढतात.

या गोळीसोबत प्रेडनिसोलोन असते. ती मनानं बंद करायची नाही, एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. तिच्यामुळे साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह असेल तर तपासणी वाढवा. अबिरॅटेरॉननं बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं, पायांवर सूज येते, लिव्हरच्या तपासण्या लागतात. घरात बीपीचं मशीन ठेवाच. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिनं या गोळ्यांना हात लावू नये.

हार्मोन पाडल्याचे परिणाम घराला दिसतात, पण कळत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात बाबा अचानक लालबुंद व्हायचे, घामानं बनियन भिजायची आणि दोन मिनिटांत थंडी वाजायची. मी घाबरून थर्मामीटर शोधत होते. आईनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "अगं, पाळी जाताना मला असंच व्हायचं." अगदी बरोबर! बायकांना रजोनिवृत्तीत होतं तेच हे. सोबत थकवा येतो, स्नायू उतरतात, पोट सुटतं, छाती हुळहुळते, हाडं ठिसूळ होतात, आणि कधी कारण नसताना रडू फुटतं. आयुष्यात कधी न रडलेला माणूस वरण-भातावर बसून रडतो, तेव्हा घरानं ते औषधाचंही काम आहे हे ओळखावं आणि जवळ बसावं. उदासी आठवडेच्या आठवडे राहिली तर डॉक्टरांना सांगा, त्यावरही औषध आहे. रोजचं चालणं आणि हलका व्यायाम यांनी थकवा खरोखर कमी होतो. पडून राहिलं की तो वाढतो.

आता पीएसए. हे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते एक प्रथिन, रक्तात मोजता येतं. उपचार लागू पडतोय का याचा अंदाज त्यावरून येतो. आमचा २१२ वरून सहा महिन्यांत २ च्या खाली आला, तेव्हा घरात पेढे आले. मग आम्हाला आकड्याचं वेड लागलं. भाऊ पुण्याहून दर पंधरा दिवसांनी विचारायचा, "पीएसए किती?" बाबा कसे आहेत हे नंतर. डॉक्टरांनी एकदा स्पष्ट सांगितलं की सांगितल्याशिवाय तपासणी करू नका. केमो सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे पीएसए वाढून मग उतरू शकतो. उलट, काही जणांत आकडा फारसा वाढत नाही आणि आजार मात्र पुढे सरकतो. म्हणून आकड्याइतकंच महत्त्व माणसाच्या हालचालीला, झोपेला, दुखण्याला आहे.

बाबांचं रजिस्टर

हे त्यांचंच डोकं. पहिल्या महिन्यात नागपूरच्या बर्डी बाजारातून त्यांनी एक लांब रजिस्टर आणलं, पट्टीनं रकाने आखले: वेळ, दुखणं (शून्य ते दहा), लघवी, संडास, झोप, बीपी, चालणं. "कोराडीले रीडिंग न घेता पाळी नाही संपत होती," म्हणाले. मला तेव्हा ते वेळ घालवायचं साधन वाटलं.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात पीएसए ४ वरून ९ झाला होता. पुढच्या तपासणीपर्यंत थांबू असं ठरलं होतं आणि आकडा लहान म्हणून आम्ही निर्धास्त होतो. रजिस्टरमध्ये रात्रीच्या दुखण्याचा रकाना मात्र चार दिवसांत ३, ३, ५, ६ असा चढला होता. आडवं पडलं की पाठ जास्त दुखते, खोकला आला की कळ येते, असं त्यांनी कडेला लिहूनही ठेवलं होतं. मी वाचलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ते फुलं तोडून आत आले. उजवा पाय अनवाणी, तळव्याला चिखल. मी विचारलं, "बाबा, दुसरी चप्पल?" त्यांनी खाली बघितलं आणि मलाच विचारलं, "कुठं गेली?" चप्पल जास्वंदीपाशी पडली होती. पायातून निसटल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

हे लिहिताना आजही माझा हात थांबतो, म्हणून नीट सांगते. मणक्यातला आजार वाढून मज्जारज्जूवर दाब आला की आधी पाठदुखी बदलते: नवी दुखते, पट्टा बांधल्यासारखी दुखते, आडवं झालं की वाढते. मग पाय जड होतात, जिन्यावर अडखळायला होतं, पायांना किंवा बसायच्या जागी बधिरपणा येतो. शेवटी लघवी-संडासवरचा ताबा जातो. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, दवाखाना गाठायचा. उद्याची ओपीडी, सोमवारची अपॉइंटमेंट, काही नाही. तातडीनं स्टेरॉइड, एमआरआय आणि मग शेक (म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार) किंवा शस्त्रक्रिया. उपचार सुरू होताना जो माणूस चालत असतो तो पुढेही चालता राहण्याची शक्यता खूप जास्त असते. एकदा पाय गेले की परत येणं फार अवघड. बाबांचा शेक दुसऱ्या दिवशी सुरू झाला. आज ते काठीनं चालतात.

आणि एक, पाठ दुखते म्हणून मालिशवाला किंवा हाड बसवणारा घरी बोलावू नका. आजारानं पोखरलेला मणका दाबानं मोडू शकतो. घरातली सुटी सतरंजी, बाथरूमचा शेवाळलेला कोपरा, रात्रीचा अंधार, यांचीही आधी व्यवस्था लावा. हाडांच्या ताकदीसाठी झोलेड्रोनिक ॲसिडसारखी इंजेक्शनं देतात. ती सुरू करण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, कारण इंजेक्शन चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. आम्हाला हे उशिरा कळलं.

दुखणं सहन करायचं नसतं

आपल्याकडची जुनी माणसं दुखणं लपवतात. "कसं आहे?" विचारलं की "ठीक आहे" येतं. त्याऐवजी विचारा: काल रात्री किती वेळा उठलात? कूस बदलताना दुखतं का? दहापैकी किती?

हाडाच्या दुखण्यावर शेक उत्तम काम करतो, बऱ्याचदा एकाच बैठकीत. पहिले दोन-तीन दिवस दुखणं थोडं वाढू शकतं, मग उतरतं. साध्या गोळ्या पुरेनाशा झाल्या की मॉर्फिन. हे नाव ऐकून आई पदर तोंडाला लावून रडली. तिला वाटलं, संपलं सगळं. मॉर्फिन दुखण्यासाठी असतं. मरणाची वेळ आली म्हणून देत नाहीत. मोजून दिलं तर माणूस सहसा त्याच्या आहारी जात नाही. उलट दुखणं थांबल्यावर बाबा पहिल्यांदा सलग पाच तास झोपले आणि उठून म्हणाले, "आज पोहे कर, तर्री वेगळी दे."

मॉर्फिनची नेहमीची गोळी साधारण दर चार तासांनी, घड्याळाप्रमाणे द्यायची. दुखेपर्यंत थांबायचं नाही. तिच्यासोबत बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच, कारण मॉर्फिननं पोट हमखास धरतं. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. किडनी अशक्त असेल तर डोस बदलावा लागतो, ते डॉक्टर बघतील. मॉर्फिन गल्लीतल्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांतून ते मिळणं सोपं झालं. तुमच्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा विभाग कुठे आहे ते पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा. हा विभाग 'शेवटचा' असतो हा गैरसमज आहे. दुखणं, झोप, भूक, भीती या सगळ्याकडे बघणारी हीच माणसं असतात, आणि ती जितकी लवकर ओळखीची होतील तितकं बरं. नागपुरात स्नेहांचलसारखी या कामाला वाहिलेली संस्थाही आहे.

केमो चालू असेल तर एक आकडा फ्रिजवर लिहून चिकटवा: १००.४. तीन आठवड्यांतून एकदा केमो असेल तर साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला की क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, सरळ दवाखाना. अंगात जंतू पसरायला काही तास पुरतात. त्या दिवसांत ताजं, गरम, घरचं खाऊ घाला. फळं जाड सालीची, स्वतः सोललेली. आपलं संत्रं, केळं चालतं. रसवंतीचा रस आणि बर्फाचा गोळा टाळा.

लघवीची नळी लागली तर पिशवी कायम कमरेच्या खाली, नळीला पीळ नको, हात धुतल्याशिवाय स्पर्श नको. पिशवी रिकामी आणि ओटीपोट फुगलेलं, किंवा थंडी वाजून ताप, असं दिसलं तर वाट बघू नका.

नागपूरचा उन्हाळा हा या आजारातला वेगळाच वैरी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना पाणी कमी पडलं की किडनी लगेच कुरकुरते, आणि त्यात कोणी डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी दिली की क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) झटकन चढतं. आमचं एकदा चढलं. आता कूलर दुपारी बाराला सुरू होतो, तपासणी शक्यतो सकाळची पहिली, ताक आणि पन्हं थोडं थोडं दिवसभर. किडनी किंवा पोटॅशियमचा प्रश्न आधीच असेल तर किती आणि काय प्यायचं ते मात्र विचारून.

काढे, अर्क, बाटलीतली औषधं घेऊन येणारी माणसं प्रेमानं येतात. त्यांना दुखवू नका, पण बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बाबांना देऊ नका. लिव्हर आधीच कामाला लागलेलं असतं. साखर बंद, दूध बंद, धान्य बंद असल्या पथ्यांनी कॅन्सर हटत नाही, माणूस मात्र वाळतो. डाळ, दही, अंडी, ज्यांना चालतं त्यांना मासे. आवडीचं, थोडं, चार वेळा.

कुठे जायचं, पैसे कुठून

विदर्भातला माणूस कॅन्सर म्हटलं की आधी मुंबई म्हणतो. टाटा मेमोरियलचं नाव १९४१ पासून आहे, ते योग्यच आहे. पण हाडं दुखणाऱ्या माणसाला दर तीन आठवड्यांनी रात्रभर गाडीत हलवत नेणं हे स्वतःच एक दुखणं आहे. आता नागपुरातच मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानमध्ये एम्स आहे. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडखाली देशभरातली कॅन्सर रुग्णालयं उपचारांचे समान निकष वापरू लागली आहेत. मनाला खात्री हवी असेल तर फाईल घेऊन एकदा मोठ्या ठिकाणी दुसरं मत घ्या, आणि रोजचा उपचार घराजवळ करा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, तेही ५ लाखांचं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. उपचार सुरू व्हायच्या आधी जा, आणि कुठलं औषध योजनेत बसतं, कुठलं नाही, हे नाव घेऊन विचारा. महागड्या गोळ्यांची छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांत मोठा फरक असतो. दोन-तीन ठिकाणी विचारायला लाजू नका.

भाऊ-बहिणींत कामं वाटून घ्या. डॉक्टरांशी एकानंच बोलायचं आणि बाकीच्यांना त्यानं सांगायचं. पैशाचं आणि योजनेचं एकाकडे. माझा भाऊ आता दर महिन्याला चार दिवस येतो आणि ते चार दिवस रात्रपाळी त्याची. आईला त्या चार दिवसांत मी माझ्या घरी झोपायला घेऊन जाते. आईकडे लक्ष द्या. तिचं बीपी कोणीच मोजत नसतं.

आणखी एक गोष्ट मुलांसाठी, मुलींसाठीही. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये काही रुग्णांत बीआरसीए नावाच्या जनुकात दोष सापडतो. सापडला तर त्यांच्यासाठी ओलापारिबसारखं औषध वापरता येतं. तो दोष मुलांकडे येऊ शकतो. तो आलेल्या मुलग्यांनी पीएसए चाळिशीतच सुरू करायचा, आणि तो आलेल्या मुलींना स्तनाच्या व अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. मी डॉक्टरांना विचारेपर्यंत हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

बाबांना सांगायचं का

आम्ही सांगितलं नव्हतं. सगळे नातेवाईक एकमुखानं म्हणाले, खचतील, सांगू नका. पहिल्या दिवशी रिक्षा रुग्णालयाच्या फाटकाशी थांबली. मी घाईनं त्यांचा हात धरून आत नेत होते, 'हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचंय' असं काहीतरी बोलत होते. ते थांबले. वरच्या पाटीकडे बघितलं, जिथे 'कर्करोग' हा शब्द माझ्या उंचीएवढ्या अक्षरांत होता. म्हणाले, "मले बोर्ड वाचता येते, माय."

त्यानंतर आम्ही काही लपवलं नाही. खचले नाहीत असं नाही, आठ दिवस बोलले नाहीत. मग रजिस्टर आणलं.

खरं एकदम सगळं ओतायचं नसतं. त्यांनाच विचारायचं, तुम्हाला किती माहिती हवी? डॉक्टरांनी काय सांगितलं असं वाटतं? जेवढं विचारतील तेवढं खरं सांगायचं. मुलीशी लघवीचं, संडासचं बोलायला बाबांना फार जड गेलं. नवरा-बायकोतल्या जवळिकीवर औषधानं जो परिणाम होतो त्याबद्दल तर ते माझ्याशी कधीच बोलणार नव्हते. म्हणून प्रत्येक तपासणीत शेवटची पाच मिनिटं मी बाहेर बसते. ते आत काय बोलतात ते मी विचारत नाही.

पुढच्या गोष्टीही त्यांनी बरं वाटत असतानाच ठरवल्या. व्हेंटिलेटर नको, आयसीयूत नळ्यांमध्ये नको. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. बाबांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं, त्याची प्रत फाईलच्या पहिल्या पानामागे आहे. घरी राहायचं तर काय लागेल त्याची यादीही रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आहे: मॉर्फिनचा साठा कोण आणणार, गिळता आलं नाही तर औषध कसं द्यायचं, रात्री फोन कोणाला करायचा, मृत्यूच्या कारणाचा दाखला कुठल्या डॉक्टरांकडून घ्यायचा, २१ दिवसांत महापालिकेत नोंद कोण करणार.

भाड्यानं वर-खाली होणारा पलंग मिळतो, तो अजून लागला नाही. लागेल तेव्हा कुठे लावायचा ते मात्र ठरलंय. समोरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून. तिथून रस्ता दिसतो आणि जास्वंद दिसते.